रात्रीत उतरणारी बॅटरी : माझा अनुभव

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर गाडी जेमतेम मावते, आणि पुढेमागे दुसरी वाहने इतकी दाटीने उभी असतात की सकाळी ती सुरू झाली नाही तर धक्का मारण्याचीही सोय राहत नाही. गेल्या नवरात्रानंतर हे वारंवार होऊ लागले. संध्याकाळी व्यवस्थित चाललेली गाडी सकाळी किल्ली फिरवताच नुसती टकटक करी आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत. बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे दुकानदाराने "बेटरी गई, नवी नाखी दो" असे सांगताच मी फारसा विचार न करता ३५ अँपिअर-तास क्षमतेची (म्हणजे एक अँपिअर प्रवाह साधारण ३५ तास देऊ शकणारी) नवी बॅटरी बसवून घेतली. जुनी एका रात्रीत उतरत होती. नवी तिसऱ्या सकाळी उतरली.

शेजारचे काका रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "काही मोजलंस का रे, की नुसतंच बदललंस?" मी काहीच मोजले नव्हते. त्याच दिवशी त्यांचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजणारा मीटर, घेऊन मी कामाला लागलो.

आधी बॅटरी काढून चार्जरवर ३.५ अँपिअरने पूर्ण भरून घेतली. दोन-तीन तास तशीच ठेवल्यावर तिने १२.६२ व्होल्ट दाखवले, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. गाडीत बसवून इंजिन चालू केल्यावर टर्मिनलांवर १४.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) चार्जिंग नीट करत होता. त्या रात्री निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवले, तेव्हा सकाळी १२.५९ व्होल्ट होते. दुसऱ्या रात्री ते जोडून ठेवले, तेव्हा सकाळी १२.३१. बॅटरीत दोष नव्हता. गाडीच रात्रभर वीज ओढत होती.

किती ओढते हे पाहण्यासाठी मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची सुटलेली केबल यांच्या मधोमध जोडला. या स्थितीत इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण स्टार्टर जो प्रवाह घेतो तो मीटरला सोसत नाही. दार उघडे असूनही गाडीला ते बंद वाटावे म्हणून दाराचे लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केले, किल्ली घरात नेऊन ठेवली आणि थांबलो. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. पहिला आकडा ३ अँपिअरच्या वर होता आणि घाई केली असती तर मी त्यालाच दोष समजून बसलो असतो. पण गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिटे झोपी जायला वेळ घेतात. वीस-पंचवीस मिनिटांनी आकडा ०.९२ वर स्थिरावला. सर्वसाधारणपणे तो ०.०५ च्या आत असावा लागतो. ०.९२ अँपिअर म्हणजे रात्रीच्या तेरा तासांत सुमारे १२ अँपिअर-तास, बॅटरीचा तिसरा हिस्सा. आणि मुलीच्या शाळेपर्यंतच्या दहा-बारा मिनिटांच्या फेरीत तेवढे भरून येणे शक्यच नव्हते.

मग एकेक फ्यूज काढून मीटरकडे पाहू लागलो. कोणता कुठला हे विसरू नये म्हणून आधी दोन्ही फ्यूज-बॉक्सचे फोटो काढून ठेवले होते. डॅशबोर्डखालचे फ्यूज संपले, बोनेटखालचे संपले, आणि आकडा जवळजवळ तसाच राहिला. इथे माझा धीर सुटला होता हे मान्य करतो. काकांनी मात्र शांतपणे सांगितले, "मग ती वायर फ्यूज-बॉक्समधून जातच नाही. थेट बॅटरीवरून काय काय निघालंय ते बघ." अल्टरनेटरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल ही एक शंका होती, म्हणून निगेटिव्ह सुटे असतानाच त्याची मुख्य तार सोडून, टोक नीट झाकून पुन्हा मोजले. फरक पडला नाही.

त्यानंतर टॉर्चच्या उजेडात पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघालेली आणखी एक लाल तार दिसली; तिच्या मध्ये वेगळा ३० अँपिअरचा फ्यूज होता. तो काढताच आकडा ०.०३ वर आला.

ती तार शेजारच्या सीटखाली बसवलेल्या, स्टिरिओचा आवाज वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरकडे जात होती. नवरात्राच्या आधी मी तो एका दुकानातून बसवून घेतला होता. हात लावला तर तो कोमट लागला, गाडी रात्रभर बंद असूनही. अॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी निळी तार स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या तारेला जोडायची असते, म्हणजे स्टिरिओ बंद झाला की तोही बंद होतो. बसवणाऱ्याने ती बॅटरीवरून थेट येणाऱ्या त्याच लाल तारेला, म्हणजे सदैव वीज असणाऱ्या तारेला जोडली होती, त्यामुळे तो अॅम्प्लिफायर कधीच झोपत नव्हता.

निगेटिव्ह काढून जोड सोडवला, निळी तार योग्य जागी सोल्डर केली, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि अल्टरनेटरची तार परत घट्ट बसवली. मोजणी पुन्हा केली, तेव्हा सगळे फ्यूज जागेवर असताना ०.०३ आले.

वाईट वाटते ते जुन्या बॅटरीचे. पूर्ण चार्ज करूनही तिचा विद्युतदाब दुसऱ्या दिवशी १२.१ व्होल्टवर उतरतो. शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट झाले की असे होते, आणि तिला दिवसेंदिवस उतरलेल्या स्थितीत ठेवणारा मीच होतो. वेळीच मोजले असते तर ती आणखी काही काळ नक्की चालली असती.

शनिवार-रविवार गाडी मुद्दाम जागची हलवली नाही. सोमवारी सकाळी मीटरवर १२.५६ होते आणि इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले.