रमजान तर झाला, मग आज कसला रोजा?

बकरीद आठ-दहा दिवसांवर आली की ऑफिसात हा प्रश्न ठरलेला. जेवायच्या सुट्टीत मी जागची हलले नाही की कुणीतरी विचारतंच, "अहो, तुमचा रमजान होऊन दोन महिने झाले ना? मग आज कसला उपास?" मोहरममध्ये पुन्हा तेच. "असतो एक" असं म्हणून मी वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर चहाच्या कपाएवढ्या वेळात मावत नाही. पण इतक्या वेळा आणि इतक्या आपुलकीनं विचारलंत, तर आज सांगतेच.

रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे धडधाकट मुसलमानाला चुकवता न येणारे. ते हिजरी सन 2 मध्ये, म्हणजे इसवी सन 624 च्या सुमाराला लागू झाले. बाकी वर्षभरातले बहुतेक रोजे नफील. ठेवलात तर सवाब म्हणजे पुण्य, नाही ठेवलात तर कुणी जाब विचारणार नाही. सोमवार-गुरुवारचे, चांदण्या रात्रींचे म्हणजे चांद्र महिन्याच्या 13, 14, 15 तारखेचे, रमजान ईदनंतरच्या शव्वालमधले सहा. त्यातही वर्षातले चार महिने अदबीचे मानलेत: जिल्काद, जिल्हज, मोहरम आणि रजब. पूर्वी अरबस्तानात या महिन्यांत लढाई बंद असे. पहिले तीन ओळीनं येतात, ते हजला जाऊन सुखरूप घरी परतता यावं म्हणून. रजब मधेच एकटा.

तुम्ही मला बकरीदीआधी उपाशी बघता, तो जिल्हजचा पहिला पंधरवडाही नव्हे, पहिले नऊ दिवस. या दिवसांतली इबादत, म्हणजे उपासना, अल्लाहला इतर कुठल्याही दिवसांपेक्षा जास्त प्रिय आहे, अशी हदीस (पैगंबरसाहेबांच्या वचनांची-वागण्याची नोंद) आहे. म्हणून कुणी नऊही दिवस रोजे ठेवतं, कुणी कुराण जास्त वाचतं, ज्यांना कुर्बानी करायची असते ते चांद दिसल्यापासून नखं-केस कापत नाहीत. (आमच्या घरातल्या पुरुषांच्या दाढ्या तेव्हा वाढलेल्या दिसतात त्याचं कारण हे.) या सगळ्यात मोठा दिवस नववा, अरफ्याचा. त्या दिवशी हाजी मंडळी मक्केबाहेर अरफातच्या मैदानात दुपारपासून मावळतीपर्यंत दुआ मागत असतात. जे हजला गेले नाहीत त्यांनी त्या दिवशी रोजा ठेवला तर मागच्या एका वर्षाचे आणि पुढच्या एका वर्षाचे गुनाह माफ होतात.

आणि गंमत अशी, की जे प्रत्यक्ष अरफातला आहेत त्यांनी मात्र रोजा ठेवायचा नसतो. पैगंबरसाहेबांच्या हजच्या वेळी लोकांना शंका पडली, आज त्यांचा रोजा आहे की नाही? तेव्हा त्यांच्या काकू उम्मुल फज्ल यांनी एक प्याला दूध पाठवून दिलं. पैगंबरसाहेब उंटावर बसले होते. सगळ्यांच्या देखत ते दूध प्यायले. शंका मिटली. मला ही हदीस फार आवडते. वाद घालत बसण्यापेक्षा दूध पाठवणारी बाई जास्त हुशार.

वाद मात्र आमच्याकडे दरवर्षी होतोच. सौदीतला चांद बहुधा आपल्या आधी दिसतो, म्हणजे तिकडे अरफा असतो तेव्हा इकडे आठवी तारीख. मग रोजा हाजींबरोबर ठेवायचा की आपल्या नवव्या तारखेला? कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. माझं म्हणणं सरळ आहे: रमजान आणि ईद आपल्या चांदानं करतो, तर अरफाही आपल्याच चांदानं. दुबईतल्या भावाला हे पटत नाही.

मोहरमची दहावी तारीख, आशुरा, याची गोष्ट वेगळी. पैगंबरसाहेब मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी या दिवशी उपास करत, हजरत मूसांची (मोझेसची) इजिप्तचा राजा फिरऔन याच्यापासून सुटका झाली म्हणून. "मूसांवर आमचा हक्क तुमच्याहून जास्त" असं म्हणून पैगंबरसाहेबांनीही रोजा ठेवला, आणि आयुष्याच्या अखेरीस, पुढच्या वर्षी असलो तर नववीलाही ठेवीन असं सांगितलं. ते वर्ष त्यांना लाभलं नाही. म्हणून आम्ही नऊ-दहा किंवा दहा-अकरा असे जोडीनं ठेवतो. पण त्याच तारखेला, हिजरी 61 मध्ये (इसवी सन 680), करबलात इमाम हुसैन शहीद झाले. शिया मंडळींसाठी तो मातमाचा दिवस. ते रोजा न ठेवता दुपार कलेपर्यंत अन्नपाण्याविना राहतात आणि मग साधंच काहीतरी खाऊन ते सोडतात. गावोगावी ताबूत निघतात, चोंगे म्हणजे गोड रोट्या होतात, रस्त्यात शरबत वाटलं जातं. तुम्ही ते मला आग्रहानं देता तेव्हा मी पेला घेऊन बाजूला ठेवते, मगरीबला, म्हणजे सूर्य मावळल्यावर, पिते.

आता तुमच्यातल्या एकीनं मागे विचारलेला खरा अडचणीचा प्रश्न: वाढदिवसाचा केक समोर आला तर नफील रोजा सोडता येतो का? याचं उत्तर माझ्या घरात माणसागणिक बदलतं. मी रत्नागिरीकडची. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. सासर सोलापूरचं, हनफी. हे सुन्नी मुसलमानांतले धर्मनियमांचे दोन पंथ. शाफई मतानं नफील रोजा ठेवणारा स्वतःच त्याचा मुखत्यार. मधे सोडला तर भरपाई नाही. हनफी मतानं पाहुण्याच्या मनाखातर सोडता येईल, पण एकदा सुरू केला की तो अंगावर आला, नंतर कधीतरी त्याची कजा, म्हणजे भरपाईचा रोजा, ठेवायलाच हवी. सासूबाई म्हणतात, "तुमचं कोकणचं बरंय."

दोन्हीकडे ज्या गोष्टी सांगतात त्या मात्र एकच. पैगंबरसाहेब घरी येऊन विचारत, खायला काही आहे का? त्यांच्या पत्नी हजरत आयेशा नाही म्हणाल्या तर म्हणत, मग माझा रोजा. दुसऱ्या एका दिवशी कुणाकडून खजूर-तुपाचा गोड पदार्थ आला होता. ते म्हणाले, सकाळपासून माझा रोजा होता खरा, आणि खाल्लं. पैगंबरसाहेबांचे साथीदार सलमान फारसी दुसरे साथीदार अबू दर्दा यांच्याकडे पाहुणे गेले तेव्हा तर यजमानांचा रोजा होता आणि त्यांची बायको कंटाळून गेली होती, कारण नवरा दिवसा रोज्यात आणि रात्री नमाजेत. सलमान ताटावर अडून बसले: तू जेवलास तरच मी जेवेन. तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या शरीराचा आहे, घरच्यांचा आहे. हे पैगंबरसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, सलमान खरं बोलला.

तरीही मी कधीकधी केक नाकारते. त्याचं कारण बायकांना सांगावं लागू नये. रमजानात पाळीमुळे सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात, आणि वर्षभर टाळलेली ती उधारी पुष्कळ जणी याच दिवसांत फेडतात. कजा रोजा नफील नव्हे. त्याची नियत, म्हणजे मनातला संकल्प, रात्रीच करावी लागते आणि तो केकसाठी सोडता येत नाही. "नफील आहे" असं सांगून आम्ही मोकळ्या होतो, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

"पाणीसुद्धा नाही?" नाही. पहाटेपासून मगरीबपर्यंत, जूनमध्ये साधारण साडेचौदा तास. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे अरफा मागे सरकत सरकत 2039 च्या डिसेंबरात येईल. तेव्हा दिवस लहान असतील, पण मी निवृत्त झालेली असेन. एकादशी करणाऱ्या तुमच्यातल्या दोघींना एक हिशेब मात्र उपयोगी पडेल. आमचा महिना चांद दिसल्यावर लागतो, म्हणजे बहुधा शुद्ध द्वितीयेच्या आसपास. म्हणून आमची दहावी तारीख तुमच्या शुद्ध एकादशीच्या आगेमागे येते. 29 जून 2023 ला आषाढी आणि बकरीद एकाच दिवशी आल्या त्या अशा, आणि कितीतरी गावांत मुसलमानांनी त्या दिवशीची कुर्बानी पुढे ढकलली. ती पुढे ढकलता येते, कारण कुर्बानीचे दिवस एकाहून जास्त असतात.

त्या दिवसांत, म्हणजे बकरीद आणि त्यानंतरचे तीन दिवस, रोजा ठेवायला सक्त मनाई आहे. तेव्हा त्या आठवड्यात मी सांदणं घेऊन येईन. किती जणांसाठी तेवढं आदल्या दिवशी कळवा.