लाल औषध आणि प्लीहा

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू होती तेव्हा दर २१ दिवसांनी तिला भूमहून बार्शीला नेण्याचे काम माझ्याकडे होते. भूमचा या आजाराशी असलेला संबंध कागदोपत्रीही जुना आहे, कारण १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली तेव्हा बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे आमच्या मराठवाड्यातले दोन तालुकेही तिच्यात घेतले गेले. मावशीला डॉक्सोरुबिसिन दिले जात असे. वॉर्डात त्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणत आणि त्यानंतर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, असे परिचारिका आधीच सांगून ठेवत. उपचार सुरू होण्याआधी मावशीच्या हृदयाची इको तपासणी झाली होती आणि मध्येही ती पुन्हा करावी लागली, कारण हे औषध गाठ मारता मारता हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. त्यामुळे त्या लाल नळीकडे पाहताना मला आमच्या प्रयोगशाळेतला गोल चंबू आठवत असे. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, त्यात फिरवत आटवले की काचेला आतून एक पातळ पापुद्रा धरतो. त्यात पाणी घालून हलवले की ताकासारखे पांढुरके द्रव तयार होते आणि तेच द्रव १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून दहा-बारा वेळा दाबून काढले की ते निवळत जाऊन त्याला निळसर झाक येते. ही झाक दिसली की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात, आणि खरे सांगायचे तर माझाही. या पोकळ कणांना लिपोसोम म्हणतात आणि इतक्या सूक्ष्म आकारामुळे ते नॅनोकणांत मोडतात. मावशीला मिळत होते तेच डॉक्सोरुबिसिन लिपोसोममध्ये भरून अमेरिकेत १९९५ साली वापरात आले आणि त्या रूपात त्याचा हृदयाला होणारा त्रास कमी असल्याचे दिसले.

हे सगळे मी काकांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी ठिबकच की. फेकून खत टाकण्यापरीस मुळापाशी सोडायचं.” उपमा इतकी चपखल होती की ती दुरुस्त करताना मला वाईट वाटले. गाठीतल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात आणि त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साचतात, हे माएदा आणि मात्सुमुरा या जपानी संशोधकांनी १९८६ साली मांडले, आणि पुढची कित्येक वर्षे नॅनोऔषधांचा डोलारा याच कल्पनेवर उभा राहिला. परंतु २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारा भाग साधारणपणे ०.७ टक्के निघाला. उरलेल्या कणांपैकी पुष्कळसे यकृतातल्या आणि प्लीहेतल्या (पोटात डावीकडे असलेल्या, रक्त गाळणाऱ्या अवयवातल्या) भक्षक पेशी गिळून टाकतात, कारण रक्तातून परके कण वेचणे हे त्यांचे रोजचेच काम आहे. शंभर लिटर सोडले तर मुळाशी पाऊण लिटरही न पोचवणारे ठिबक कोणता शेतकरी बसवील?

मला या विषयाची खरी गोडी इथून पुढे लागते. इम्युनोथेरपीत औषधाने कर्करोगाची पेशी स्वतः मारायची नसते, तर प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना ती ओळखायला शिकवायचे असते आणि हे शिक्षण मुख्यतः लसिकाग्रंथींत आणि प्लीहेत होते. म्हणजे केमोथेरपीच्या दृष्टीने जिथे कण वाया जात होते, नेमके तिथेच ते आता पोचायला हवेत. २०१६ मध्येच जर्मनीतल्या संशोधकांनी गाठीतील प्रथिनांचा आराखडा सांगणारा आरएनए लिपिडमध्ये गुंडाळला आणि लिपिड व आरएनए यांचे प्रमाण बदलून कणांवरचा विद्युतभार किंचित ऋण ठेवला. कणांवर कोणताही खास पत्ता चिकटवलेला नसताना, शिरेतून दिलेले ते कण प्लीहेतल्या डेन्ड्रिटिक पेशींत, म्हणजे टी पेशींच्या शिक्षकांत, जाऊन पोचले. वर्षानुवर्षे कणांना ठरावीक पेशी ओळखणारी महागडी प्रतिपिंडे चिकटवण्यात घालवलेल्या आमच्यासारख्यांना हा साधेपणा थोडा झोंबला.

याच पद्धतीच्या कणांतून प्रत्येक रुग्णाच्या गाठीनुसार बनवलेली लस स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर, इतर औषधांच्या जोडीने दिली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ८ जणांत लसीला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी तयार झाल्या आणि त्यांच्यात आजार उलटण्यास इतरांपेक्षा उशीर लागला. सोळा म्हणजे आमच्या प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीहूनही कमी माणसे. शिवाय ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच तल्लख होती त्यांनाच दोन्ही लाभ झाले असेही असू शकेल, म्हणून मी या निकालाकडे आशेने पण हात राखूनच पाहतो.

नॅनोकणांचा दुसरा उपयोग आवर घालण्याचा. इंटरल्युकिन-२ सारखी टी पेशींना चेतवणारी प्रथिने मोठ्या मात्रेत शरीरभर फिरली की रक्तवाहिन्या गळू लागून रक्तदाब कोसळतो. टी पेशींना आवरून धरणारे ब्रेक काढणाऱ्या औषधांनी कधी आतडे सुजते, तर कधी थायरॉइड बिघडते. ही औषधे कणांत बांधून हव्या त्या ठिकाणीच मोकळी करण्याचे प्रयत्न चालू आहेत, परंतु त्यांतले बहुतेक अजून उंदरांच्या पिंजऱ्यापलीकडे गेलेले नाहीत.

आमच्या भागात मात्र गाडे खर्चापाशी अडते. एकेका रुग्णासाठी वेगळी लस बनवणे आणि ती गोठवून आणणे भूमच्या घरांना परवडेल, असे आज तरी मला दिसत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी घेतली. तीत स्वस्त गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे ब्रेक काढणारे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, दिले गेले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण वर्षभर जगले, तर निवोलुमॅबही मिळालेल्यांत हे प्रमाण ४३.४ टक्के होते. यात कोणताही नॅनोकण नव्हता. तंबाखूने तोंडे पोखरलेल्या आमच्या गावांसाठी एखादा नवा कण किती कामाचा आहे, हे मी यापुढे या वीस मिलिग्रॅमशी ताडून पाहणार आहे.