बाजू 'अ'ची शेवटची तीन मिनिटं

६० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. साडेचार मिनिटांची सहा गाणी भरली की २७ मिनिटं होतात आणि मागे तीन उरतात. ती कोरी सोडली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक काउंटरवर हजर. "ओ मामा, पैसे सगळ्या कॅसेटचे घेतलाय न्हवं? मग शेवटाला नुसती खरखर का?"

म्हणून १९९७ साली कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीतल्या, आठ बाय दहाच्या दुकानात स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश बँडचं 'वॉनाबी' एक नंबरला होतं. ते २ मिनिटं ५३ सेकंदांचं आहे.

अमेरिकेतही ते एक नंबरला होतं, २२ फेब्रुवारीपासून चार आठवडे. तिथल्या लोकांना बहुतेक ते आवडलं असावं.

दुकान माझ्या मामाचं. पाटीवर 'रेकॉर्डिंग सेंटर' एवढंच लक्षात ठेवा, पूर्ण नाव सांगत नाही. कारण तिथं जे चालायचं ते कायद्यात बसणारं नव्हतं आणि मामा अजून ठणठणीत आहे. तुम्ही चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायची, मामा ती एकेक करून कोऱ्या कॅसेटवर भरायचा. कॅसेट तुमची असेल तर गाण्याला एक रुपया.

माझी बारावीची परीक्षा संपली आणि मामानं विचारलं, "तुझं अक्षर बरं हाय. कॅसेटच्या कागदावर नावं कोण लिहिणार? माझं लिहिलेलं मलाच लागत न्हाई." मी म्हटलं, "मी लिहितो की." (पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडे मुली 'येतो', 'जातो', 'लिहितो'च म्हणतात. लग्न होऊन नाशिकला गेल्यावर माझी ही सवय सासूबाईंनी मोडून काढली, माहेरी आले की परत जोडली जाते.)

तर मी स्टुलावर बसून रेनॉल्ड्सच्या निळ्या पेनानं नावं लिहायची आणि शेजारी मामा दोन डेक घेऊन बसायचा. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. रेकॉर्ड आणि प्ले दोन्ही बटणं दाबून वर पॉज लावून ठेवायचा आणि गाणं सुरू व्हायच्या नेमक्या आधी पॉज सोडायचा. अर्धा सेकंद आधी सोडला तर मागच्या गाण्याची शेपटी येते, उशीर झाला तर पहिला शब्द तुटतो. मामा त्या वेळी श्वास धरायचा. रोज सकाळी उदबत्ती झाली की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं डेकचं हेड पुसायचं, तो कापूस तपकिरी झालेला मला दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघ, काल विकलेली गाणी." कॅसेट पूर्ण झाली की वरच्या कडेच्या दोन खाचा स्क्रूड्रायव्हरनं मोडायच्या, म्हणजे घरी कोणाच्या हातून पुसली जायची नाही. आणि तीच कॅसेट चार महिन्यांनी नवी गाणी भरायला परत आली की त्या खाचांवर सेलोटेप लावायचा.

इंग्रजी गाण्यांची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं. धंदा खरा दलेर मेहंदी आणि हिंदी सिनेमावर चालायचा, श्रावणात भजनांवर. पण मला इंग्रजीचं वेड लागलं ते एका पेपराच्या पुरवणीमुळे. तिच्यात दर आठवड्याला अमेरिकेची टॉप टेन छापून यायची. म्हणजे 'बिलबोर्ड' या तिथल्या साप्ताहिकाच्या 'हॉट १००' या गाण्यांच्या यादीतली वरची दहा. मी ती दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायची. बाण वर, बाण खाली, किती आठवडे, सगळं. वर्षाच्या सुरुवातीचे आठवडे रद्दीतून शोधून काढले. मामाला यात नवल वाटलं नाही. तो बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकत वाढलेला माणूस, त्याच्याकडेही असली वही होती म्हणे. फक्त नंबरला तो 'पायदान' म्हणायचा. "काय गं, ह्या आठवड्यात पायदानावर कोण?"

तर पायदानावर कोण. वही आता माझ्या समोर आहे. त्या अख्ख्या वर्षात, ५२ आठवड्यांत, एक नंबरवर फक्त १० गाणी बसली. टोनी ब्रॅक्सटनचं 'अन-ब्रेक माय हार्ट' आदल्या डिसेंबरपासून ठाण मांडून होतं, ते ११ आठवड्यांनी उठलं. मग स्पाइस गर्ल्स. मग जवळजवळ निम्मं वर्ष रॅपर पफ डॅडीच्या 'बॅड बॉय' या एका कंपनीचं. त्याची स्वतःची दोन गाणी आणि त्याचा मित्र नटोरियस बी.आय.जी. याची दोन, मिळून २२ आठवडे. यातला बी.आय.जी. ९ मार्चला लॉस एंजलिसमध्ये गोळ्या घालून मारला गेला होता. त्याची ती दोन्ही गाणी एक नंबरला गेली ती तो गेल्यानंतर. आणि पफ डॅडीनं फेथ इव्हान्सबरोबर त्याच्या आठवणीत केलेलं 'आय'ल बी मिसिंग यू' ११ आठवडे हललं नाही.

ते गाणं पहिल्यांदा दुकानात वाजलं तेव्हा मामा पॉजचं बटण सोडायचंच विसरला. "ही चाल माझ्याकडं हाय," म्हणाला आणि माळ्यावर चढला. धूळ झटकत एक जुनी कॅसेट घेऊन खाली आला. पोलीस नावाच्या बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. बरोबर होतं त्याचं, पफ डॅडीनं तेच गाणं खाली ठेवून वर आपलं रचलं होतं. इथपर्यंत ठीक. पण पुढे महिनाभर कोणी पफ डॅडी मागितला की मामा परस्पर पोलीस भरून द्यायचा. "असली माल दिलाय, वर आनि तक्रार?" कागदावर नाव मात्र मी पफ डॅडीचंच लिहिलेलं. त्या पोरांनी पुढे कॅम्पसमध्ये काय काय वाद घातले असतील देव जाणे.

सप्टेंबरात गणपती नुकतेच बसले होते. शनिवारी दुपारी शेजारच्या काकूंकडे केबलवर डायनाची अंत्ययात्रा लागली होती. काकू मोदकांची उकड मळता मळता डोळे पुसत होत्या, बाहेर मंडळाचा स्पीकर चालूच. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एल्टन जॉन पियानोवर बसला आणि नेमकी त्याच वेळी बाहेर आरती सुरू झाली. ते गाणं मी असं ऐकलं, अर्धं एल्टन जॉन आणि अर्धं घालीन लोटांगण. मूळ गाणं त्यानं १९७३ साली मेरिलिन मन्रोवर केलेलं, गीतकार बर्नी टॉपिननं डायनासाठी शब्द बदलून दिले. 'कँडल इन द विंड १९९७' अमेरिकेत ११ ऑक्टोबरला एक नंबरला आलं आणि १४ आठवडे, पुढच्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत तिथंच राहिलं. माझ्या वहीत डिसेंबरची सगळी पानं सारखीच दिसतात. शेवटी शेवटी मी पहिल्या ओळीत नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलंय.

दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाचा लंडनचा भाचा त्या गाण्याची सीडी घेऊन आला. खरी, दुकानातून विकत घेतलेली. मामानं ती काठाला धरून उजेडात फिरवली. "किती गाणी हायत हिच्यात?"

"दोन-तीन."

"एवढ्या मोठ्या सीडीवर? आनि बाकीची जागा?"

"मोकळीच."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. इथं तीन मिनिटं मोकळी राहिली तर लोक भांडायला येतात.

ती होती 'सिंगल'. हा शब्द मी वहीत वर्षभर लिहीत होते, ती वस्तू पाहिली त्या दिवशी. आपल्याकडे कॅसेट म्हणजे अख्खी कॅसेट. एका आवडत्या गाण्यापायी सात नावडती घ्यायची. एका बाजूला एकच गाणं असलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मामाच्या लहानपणापर्यंत होत्या, तो त्यांना 'तवा' म्हणायचा. त्या गेल्यावर एकच गाणं विकत घ्यायचं तर कोल्हापुरात मामासारख्यांकडेच यावं लागायचं, रुपया घेऊन.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या मामा भिंतीवरच्या तारेला खोचून ठेवायचा. दिवाळीच्या साफसफाईत मी त्या सगळ्या उतरवल्या आणि मोजल्या. 'वॉनाबी' मागणारे अगदी थोडे होते. ते होतं माझ्या कागदांवर, कारण मामा मागच्या तीन मिनिटांत ते कोंबायचा, विचारायचा सुद्धा नाही. चिठ्ठ्यांवर इंग्रजीत सगळ्यांत वर होतं नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक'. कोणी 'डोंट स्पिक', कोणी 'डोन स्पीक', एकानं तर नुसतं 'ती रडकी बाई'.

आणि 'डोन्ट स्पीक' माझ्या वहीत कुठेच नव्हतं. पहिल्या दहात नाही, एकाही आठवड्यात नाही. केबलवर दिवसातून चार वेळा लागणारं गाणं! मला वाटलं पेपरवाले गाळतायत. रागानं मी मे महिन्याच्या एका पानावर पेन्सिलीनं शून्य नंबर घालून ते लिहूनही टाकलं होतं.

कारण कळलं त्याला बारा-तेरा वर्षं लागली. घरी इंटरनेट आलं आणि एका रात्री मी तेच शोधलं. हॉट १०० ची मोजणी सिंगलची विक्री आणि रेडिओवर किती वाजतं या दोन्हींवर व्हायची, पण गाणं यादीत यायचं तर त्याची सिंगल दुकानात विकायला असली पाहिजे, असा नियम होता. 'डोन्ट स्पीक'ची सिंगल कंपनीनं अमेरिकेत काढलीच नाही. ज्याला ते गाणं हवं त्यानं मुकाट्यानं अख्खा अल्बम घ्यावा, हा हिशोब. रेडिओच्या वेगळ्या यादीत ते १६ आठवडे एक नंबरला होतं. हॉट १०० मध्ये एकही आठवडा नाही. इतरही कंपन्या हेच करू लागल्या तेव्हा कुठे ५ डिसेंबर १९९८ पासून बिलबोर्डनं नियम बदलला आणि सिंगल नसलेली गाणीही यादीत धरली. तोवर 'डोन्ट स्पीक' जुनं झालं होतं.

मी त्या रात्री नवऱ्याला उठवून हे सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

म्हणजे अमेरिकेतला पोरगा जे गाणं सुटं घेऊ शकत नव्हता ते आमच्या गल्लीत सुटं मिळत होतं. चोरीच होती ती, मी नाकारत नाही. ते गाणाऱ्या ग्वेन स्टेफानीला आमच्या रुपयातला एक पैसा गेला नाही. आणि चोरांवर मोर असतोच. दोन-चार वर्षांत रस्त्याकडेला एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, एकेका सीडीवर शंभर-सव्वाशे गाणी. मामानं वर्षभर तग धरला, मग डेक विकले आणि दुकान भाड्यानं दिलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा माहेरी गेले तेव्हा वही शोधली ती मामाला दाखवायलाच. त्यानं चष्मा लावून पानं चाळली, 'वरीलप्रमाणे' वाचून हसला, पेन्सिलीच्या शून्यावर थांबला. मी मोबाइलवर 'डोन्ट स्पीक' लावलं आणि नियमाची सगळी कथा सांगितली, सिंगल, अल्बम, १६ आठवडे. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर.

"चार तेवीस," म्हणाला. "अशी सहा भरलीस तर मागं साडेतीन-पावणेचार उरत्यात. वॉनाबी बसतंय बघ आरामात."