तुम्ही विचारलंत म्हणून: खून घरगुती लॉजमध्येच का?

"तुमच्या गोष्टींत खून नेहमी घरच्यांनीच चालवलेल्या एखाद्या छोट्या लॉजमध्ये का होतो?" असं वाचक मला नेहमी विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो: "आणि खुनाच्या गोष्टीला 'कोझी', म्हणजे ऊबदार रहस्यकथा, कसं म्हणायचं?" दोन्हींचं उत्तर मला एकाच माणसापाशी सापडतं. चादरी मोजणाऱ्या बाईपाशी.

मोठ्या हॉटेलात खोली आवरणारा वेगळा, किल्ली देणारा वेगळा, नाश्ता वाढणारा वेगळा. त्यांची एकमेकांशी गाठ पडेलच असं नाही. घरगुती लॉजमध्ये ही कामं आई, सून, मुलगी, धाकटा भाऊ यांच्यात वाटलेली असतात आणि रात्री भांडी आवरताना सगळं एकमेकांच्या कानावर जातं. चार नंबरच्या बाईंनी चहा तसाच परत पाठवला. सातचे गृहस्थ एकटेच उतरलेत, पण टॉवेल दोन्ही ओले होते. याला कोणी पुरावा म्हणत नाही, ही रोजची बोलणी आहेत. मला रहस्य त्यातूनच उलगडायला आवडतं.

मृत्यूच्या वेळेचंच बघा. प्रेत ताठरायला साधारण दोन ते चार तासांत सुरुवात होते आणि बारा तासांच्या आसपास सगळं अंग ताठ होतं. पण खोली गरम असेल तर हे लवकर होतं, थंड असेल तर उशिरा. म्हणून डॉक्टर प्रामाणिक असतील तर ते 'अमुक ते अमुक' एवढंच सांगतात. पहाटे हीटर कोणी बंद केला, हे मात्र जिने झाडणाऱ्या मुलीला ठाऊक असतं.

विषाचा खून असेल तर गोष्ट आणखी आत जाते. आर्सेनिकने उलट्या होतात, जुलाब होतात, पोटात कळा येतात. एके काळी असे मृत्यू कॉलऱ्याच्या नावावर सहज खपत. 1836 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी आपली चाचणी प्रसिद्ध केली आणि अगदी थोडं आर्सेनिकही काचेवरच्या चकचकीत काळसर थरातून दिसू लागलं. पण तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो, आणि तोवर पहिलं बोट स्वयंपाकघराकडे जातं. ज्या हातांनी रांधून वाढलं, त्याच हातांकडे सगळे पाहुणे संशयाने बघतात. माझ्या गोष्टीतली आई खुनी शोधायला निघते ती हुशारी दाखवायला नव्हे. तिच्या घरचं अन्न निर्दोष होतं, हे तिला सिद्ध करायचं असतं.

आणि तरीही सकाळी तिला सगळ्यांना वाढावंच लागतं, जिच्यावर तिचा संशय आहे त्या व्यक्तीलाही. तिचा हात थरथरतो, पण ताट रिकामं जात नाही. तुम्ही ज्याला 'कोझी' म्हणता ती ऊब मला इथे दिसते. रक्त पडद्याआड ठेवणं हा त्या मानाने साधा संकेत आहे.

वाचकाशी सचोटीने वागायलाही लॉज बरं पडतं. 1929 मध्ये इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच भेटलेला असावा, हा त्यातला पहिला. लॉजचं रजिस्टर ते काम आपोआप करतं: कोण आलं, कधी आलं, कोणत्या खोलीत उतरलं. नावं सगळी तुमच्यासमोर असतात. एकाहून जास्त गुप्त खोल्या किंवा चोरवाटा नकोत, असंही नॉक्स सांगतात. मी एकही ठेवत नाही.

एक प्रश्न मात्र मला कोणीच विचारत नाही: नंतर त्या खोलीचं काय होतं? पोलीस जातात, पाहुणे जातात, आणि ती खोली कोणाला तरी धुवावी लागते. मी दरवेळी त्यावर एक पान लिहिते. सून खिडक्या उघडते, गादी बाहेर काढते, चादरी मोजते. एक कमी भरते. ती पुन्हा मोजते. हे पान काढून टाका, असं मला दोनदा सांगण्यात आलं. मी ते काढलेलं नाही.