स्फोल्यातेल्ला रिच्चा, पाचवी खेप: पापुद्रे सुटले

मंडळी, स्फोल्यातेल्ला म्हणजे सारण भरलेली, शंकूच्या आकाराची इटालियन पापुद्र्यांची पेस्ट्री. काल रात्री साडेअकराला ओव्हनचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले दिसले. सगळ्यांचे नाही, 24 पैकी 16 चे. पण चार खेपा वाया गेल्यावर 16 म्हणजे खूप झाल्या. घोळ नेमका कुठे होत होता ते आता कळलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं. इटलीतल्या गोडाचा नकाशा ढोबळमानाने तिथल्या तुपा-लोण्यावरून काढता येतो. उत्तरेला लोणी आणि साय: पिएमोन्तची पान्ना कोत्ता, लोम्बार्दीचं मस्कारपोने, आणि तेच घालून केलेलं त्रेव्हिसोचं तिरामिसू. दक्षिणेला रिकोत्ता (चीजच्या निवळीतून निघणारं मऊ, पनीरसारखं चीज), बदाम, पाकवलेल्या साली आणि डुकराची चरबी. स्फोल्यातेल्ला अस्सल दक्षिणेची, नेपल्सच्या कांपानिया प्रांतातली. अमाल्फी किनाऱ्यावर कोंका देइ मारिनी गावात सांता रोझा नावाचा मठ होता, तिथे 17 व्या शतकात ती जन्मली. उरलेल्या शिजवलेल्या रव्यात एका ननने सुकामेवा आणि मद्य घालून तो पारीत भरला, अशी गोष्ट सांगतात. 1818 च्या सुमारास पास्क्वाले पिंताउरो यांनी नेपल्सच्या तोलेदो रस्त्यावर ती विकायला सुरुवात केली आणि वरचं क्रीम व आंबट चेरी काढून टाकली. क्रीम-चेरीवालीला आजही सांता रोझाच म्हणतात. रिच्चा म्हणजे कुरळी, पापुद्र्यांची. फ्रोल्ला म्हणजे साध्या खुसखुशीत पारीची, गोल. सारण दोन्हींचं एकच. माझा जीव रिच्चावर जडलाय, कारण ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आत्याचे चिरोटे आठवले.

आता पीठ. 500 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम ग्लुटेन पावडर, 10 ग्रॅम मीठ, 25 ग्रॅम मध, 210 मिली पाणी. नुसत्या मैद्याची पोळी ताणताना फाटते, दोनदा अनुभव घेतला. हे पीठ पुरीच्या पिठाहूनही घट्ट असतं, आधी तर गोळाच होत नाही, नुसता चुरा. करंजीचं पीठ कुटतात तसं मी ते वरवंट्याने कुटलं, मग पास्ता मशीनच्या सगळ्यात रुंद फटीतून घडी घालघालून 15 वेळा काढलं. शेवटी ते कातड्यासारखं गुळगुळीत लागतं. दोन तास झाकून ठेवलं, मग पट्ट्या मशीनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत पातळ केल्या. त्यानंतर पट्टी ओट्यावर पसरून दोन्ही कडांनी हळूहळू ताणायची. परवा ओट्याच्या ग्रॅनाइटचे ठिपके पोळीतून मोजता येत होते.

खरी परीक्षा स्निग्धाची. तिकडे स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी वापरतात. आमच्या घरात ते होणार नाही, म्हणून साजूक तूप. पहिल्या दोन खेपांना मी ते वितळवून ब्रशने लावलं, तर ते पिठात मुरलं आणि सगळे थर एकजीव झाले. खाताना जाड खारी लागत होती. तिसऱ्या खेपेला वनस्पती तूप वापरलं. थर बरे झाले, पण टाळूला चिकटणारी ती चव मला नको होती. चौथ्या खेपेला चिरोट्याचा साटा लावला, फेसलेल्या तुपात तांदळाची पिठी घालून. थर स्पष्ट दिसले, पण भाजल्यावर पांढुरके आणि कोरडे. चिरोटे तुपात तळले जातात म्हणून साट्यातली पिठी तिथे शोभते, ओव्हनच्या कोरड्या आचेत ती कच्ची राहते असं माझं मत झालंय.

या वेळी पिठी गाळली. 150 ग्रॅम घट्ट तूप परातीत तळहाताने फेसलं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. ते पोळीला जाडसर चोपडलं आणि घट्ट गुंडाळत गेले. गुंडाळी 6 सेंटिमीटर जाड, 28 लांब. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं छाटून एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापल्या. पहिल्या आठ थेट फ्रीजमधून काढून उघडायला गेले. अंगठा मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला दाबायचा, म्हणजे एकेक कडं दुसऱ्यावरून सरकत शंकू होतो. इथे सरकलं काहीच नाही, तुपाचे थर तडकले. आत्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अगं, लाटी जरा घामेजू दे, मग हात लाव. चिरोट्याला नाही का थांबत आपण?" वीस मिनिटं थांबले. तूप बोटाला मऊ लागलं तेव्हा पुन्हा अंगठा लावला आणि कडी अक्षरशः एकमेकांवरून घसरली, दुर्बिणीची नळी उघडावी तशी. त्या आठ फसल्या, नंतरच्या सगळ्या जमल्या. एवढाच तो घोळ होता.

सारणाचं थोडक्यात. 250 मिली पाण्यात चिमूट मीठ घालून 85 ग्रॅम बन्सी रवा शिजवला. बन्सी हा ड्युरम गहू, तिकडचा सेमोलिनोही ड्युरमचाच, त्यामुळे पोत अगदी जुळतो. 175 ग्रॅम रिकोत्ता, 150 ग्रॅम साखर, एक अंडं, दालचिनी. रिकोत्ताबद्दल एक सांगायचंय: पनीर केल्यावर उरलेल्या पाण्यापासून ती करायचा प्रयत्न करू नका, हाती जवळपास काही येत नाही. खरी रिकोत्ता रेनेटने (दूध विरजवणाऱ्या एन्झाइमने) केलेल्या चीजच्या निवळीतून, म्हणजे उरलेल्या पाण्यातून निघते. लिंबाने आणि उष्णतेने फोडलेल्या दुधात त्या निवळीतली प्रथिनंसुद्धा आधीच पनीरबरोबर गेलेली असतात. मी म्हशीचं दूध फोडून, अर्धवट निथळून, मिक्सरमधून काढते. नाव काहीही द्या, चव छान येते.

साल मात्र या वेळी महाळुंगाची. तिकडे संत्र्याबरोबर चेद्रोची पाकवलेली साल घालतात, आणि चेद्रो म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. नागपुरी संत्र्याची साल पातळ, पाकात तिचं काही उरत नाही. महाळुंगाची जाड पांढरी साल चार दिवस पाकात मुरवली तर काचेसारखी पारदर्शक होते.

भाजणं: 200 अंशांवर 15 मिनिटं, मग 180 वर आणखी 15. वरची कॉइल बंद ठेवा, नाहीतर कडा करपतात आणि आतले पापुद्रे ओलेच राहतात.

पहिली फोडली तेव्हा आत्याने आधी कानाजवळ नेऊन ऐकली, मग खाल्ली. दुसरी घेताना म्हणाली की रवा अजून थोडा मोकळा हवा. पुढच्या खेपेला 85 ऐवजी 75 ग्रॅम घेऊन बघते. नवी गुंडाळी फ्रीजमध्ये आहे, रविवारी कापणार.