लीड्समधील इंटर्नशिप आणि एक लांबलचक अर्ज

मानसशास्त्राचा विद्यार्थी परदेशातील मानसिक आरोग्य संस्थेत इंटर्नशिप करायला निघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर समुपदेशनाची खोली असते. इंग्लंडमधील छोट्या धर्मादाय संस्थांत मात्र त्याच्या वाट्याला बहुधा घरभाड्याचे, थकलेल्या बिलांचे आणि सरकारी अर्जांचे प्रश्न येतात. लीड्समध्ये एमएस्सी करताना मी अशाच एका स्थानिक संस्थेत काम केले आणि तेथील माझा बराच वेळ ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ म्हणजेच ‘पिप’ या, दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्वामुळे रोजचे जगणे अवघड झालेल्यांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज लोकांसोबत भरण्यात गेला. मानसिक आजार माणसाच्या रोजच्या जगण्यातून नेमके काय काढून घेतो, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्या अर्जात अधिक स्पष्ट दिसले.

रुजू होण्यापूर्वीचे सोपस्कार थोडक्यात सांगते. तेथे डीबीएस नावाची गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. शिवाय भारतातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितले जाऊ शकते. पदवी वा त्यापुढील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला साधारणपणे २० तासच काम करता येते आणि ठरावीक जबाबदारीचे बिनपगारी कामही त्यात मोजले जाऊ शकते, म्हणून विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला आधी विचारून घ्यावे.

‘पिप’ २०१३ मध्ये सुरू झाले. आजाराचे नाव काय, यापेक्षा त्या आजारामुळे कोणती कामे होत नाहीत, यावर त्याचा निर्णय ठरतो. स्वयंपाक, जेवण, अंघोळ, कपडे घालणे, लोकांत मिसळणे, पैशांचे व्यवहार अशा दैनंदिन जीवनाच्या १० आणि हिंडण्याफिरण्याच्या २ बाबी तपासून गुण दिले जातात. एका विभागात ८ गुण झाले की साधा दर आणि १२ झाले की वाढीव दर मिळतो. हातपाय धड असलेल्या माणसाला स्वयंपाक येत नाही असे कसे म्हणावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ‘कोणी आठवण करून दिल्याशिवाय किंवा मागे लागल्याशिवाय साधे जेवण बनवता येत नाही’ यालाही त्या नियमांत २ गुण आहेत. एखादे काम सुरक्षितपणे, बऱ्यापैकी, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता आले तरच ते ‘करता येते’ असे मानतात. तीव्र नैराश्याचे इतके अचूक वर्णन सरकारी नियमावलीत सापडेल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

अडचण होती ती वेगळीच. माणसे सवयीने ‘माझे ठीक चालले आहे’ असे सांगत आणि आम्हाला त्यांच्याकडून वाईट दिवसांचा तपशील काढून घ्यावा लागे: शेवटची अंघोळ कधी झाली, दारात पडलेली पत्रे न उघडता किती दिवस राहिली. शेजारच्याच खोलीत भरणाऱ्या आधारगटात त्याच माणसाला या आठवड्यात काय चांगले घडले, असे विचारले जाई. एकाच छताखाली आम्ही त्याला दोन परस्परविरोधी आत्मचरित्रे लिहायला लावत होतो. भत्ता नाकारला गेला तर साधारण महिनाभरात फेरविचाराची मागणी करावी लागते आणि तिथेही नकार मिळाल्यास न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. म्हणजे ते नकोसे आत्मचरित्र पुन्हा अनोळखी लोकांपुढे मांडायचे. प्रश्न योग्य असले तरी ते विचारण्याची ही पद्धत माणसाला थकवणारी आहे, असे माझे मत झाले. अर्जातील प्रत्येक उत्तर अनुभवी सल्लागार तपासत आणि इंटर्नने एकट्याने सल्ला देऊ नये हा नियम कटाक्षाने पाळला जाई, ही मात्र जमेची बाजू.

आपल्याकडेही याच जातीचे एक मोजमाप आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘आयडियाज’ या मापनश्रेणीनुसार स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांत गुण देतात, त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. तपासणीला रुग्णासोबत आलेली आई किंवा भाऊ संकोचाने ‘तसा तो सगळे स्वतःचे स्वतः करतो’ असे सांगून मोकळे होतात, तेव्हा ‘आपण होऊन करतो, की तुम्ही दहा वेळा सांगितल्यावर?’ एवढे विचारणारे कोणीतरी त्या बाकावर शेजारी बसलेले असावे, असे मला आता वाटते.