वजनपेटी: प्लूटो गेला, शनीचे दोन झाले

मंडळी, डबे आले. बर्तन बाजारात दोन तास घालवून एकाच घाटाचे, दीड लिटरचे, स्टीलचे दहा डबे निवडले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पृथ्वीवर दोन किलो भरणारी एक वस्तू कल्पायची. ती त्या त्या ग्रहावर उचलताना हाताला जेवढी जड लागेल, तेवढंच वजन त्या ग्रहाच्या डब्यात भरायचं. बाहेरून सगळे डबे सारखे, नाव फक्त बुडाशी. ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाचे तक्ते आपण सगळ्यांनी पाठ केलेत, पण ‘गुरूवर अडीचपट’ हे मनगटाला कळणं वेगळं.

पहिला अडथळा प्लूटोचा. तिथे दोन किलोचे जेमतेम १२६ ग्रॅम होतात आणि इथे रिकामा डबाच झाकणासकट २१० भरतो. पुठ्ठ्याचा डबा चालला असता, पण मग हात लावायच्या आधीच डोळ्यांना उत्तर कळतं. प्लूटो वगळला. एक डबा उरला, त्याचं पुढे सांगते.

चंद्र ३३० ग्रॅमचा, म्हणजे आत फक्त १२० ग्रॅम घालायचे. ते सोपं. खरी पंचाईत गुरूची, कारण तिथे ५.०५ किलो हवेत. वाळू ठासून भरली तरी डब्यासकट काटा पावणेतीन किलोच्या पुढे सरकेना. शिशाचे तुकडे सुचवले होते कुणीतरी, पण हे डबे मुलं हाताळणार, त्यामुळे शिसं नकोच. शेवटी भंगारवाल्याकडून जुन्या बेअरिंगचे छर्रे आणले, रॉकेलमध्ये धुऊन उन्हात वाळवले. दोन-तृतीयांश डब्यातच वजन जमलं. मात्र उरलेल्या जागेत छर्रे खुळखुळतात, आणि जड डबा कोणता ते कानच सांगून टाकतो. म्हणून आईच्या जुन्या नऊवारीच्या चिंध्या कोंबल्या. हलक्या डब्यांत छर्र्यांची पुरचुंडी बांधून ती चिंध्यांच्या मधोमध बसवली. सगळं वजन बुडाशी राहिलं तर डबा उचलताना कलतो आणि हात फसतो. हे करून पाहणाऱ्यांनी चिंध्यांचंही वजन धरावं. माझा शुक्र आधी ४० ग्रॅमने जास्त झाला होता.

बुध आणि मंगळ भरताना भाची म्हणाली, “मावशी, तू एकच डबा दोनदा भरतेयस.” खरंच तसं आहे. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट, पण त्याची त्रिज्याही मोठी, म्हणजे पृष्ठभाग केंद्रापासून तितका लांब. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटतं, त्यामुळे वस्तुमानाने जे कमावलं ते अंतराने घालवलं. दोन्हीकडे उत्तर पृथ्वीच्या सुमारे ०.३८ पट, म्हणजे दोन किलोचे साधारण ७५५ ग्रॅम. दोन्ही डबे ठेवलेत. एकापाठोपाठ एक उचलून लोक बुचकळ्यात पडतात आणि मग विचारतात, हे मला फार आवडतं.

आता शनी. यात माझे तीन रविवार गेले. एका तक्त्यात त्याचं गुरुत्वीय त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो तो आकडा, १०.४४, दुसऱ्यात ८.९६; पृथ्वीवर तो ९.८ आहे. पहिला आकडा घेतला तर दोन किलोचे २.१३ होतात, दुसरा घेतला तर १.८३. म्हणजे शनी पृथ्वीपेक्षा जड की हलका, इथेच वाद! दोन्ही आकडे बरोबर आहेत. शनीला उभं राहायला जमीन नाही, म्हणून ढगांत जिथे दाब पृथ्वीवरच्या हवेएवढा असतो ती पातळी धरतात. १०.४४ हे तिथलं विषुववृत्तावरचं निव्वळ गुरुत्वाकर्षण. पण पृथ्वीच्या ९५ पट वस्तुमानाचा हा गोळा साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो. जत्रेतल्या चक्रात बसल्यावर आपण बाहेर फेकल्यासारखे होतो, तसा तिथे वजनाचा बराच भाग फिरण्यात जातो, आणि उरतो तो ८.९६. याच फिरण्याने तो चपटाही झालाय: विषुववृत्तीय त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर, ध्रुवीय ५४,३६४. त्यामुळे ध्रुवाजवळ वस्तू पुन्हा जड. गुरूचेही असेच दोन आकडे आहेत, २४.७९ आणि २३.१२, पण पाच किलोच्या डब्यात तो फरक हाताला जाणवत नाही. शनीचा जाणवतो, कारण पृथ्वीचा डबा दोघांच्या मधे बसतो. उरलेला प्लूटोचा डबा शनीला दिला. बुडाशी लिहिलंय ‘शनी, न फिरता’ आणि ‘शनी, फिरताना’.

युरेनस १.७७ किलो, नेपच्यून २.२७. यांचं काम एका संध्याकाळी उरकलं.

पेटी झाली असं वाटत होतं, तेवढ्यात आईने चंद्राचा डबा उचलला आणि नारळात पाणी आहे का पाहतात तसा कानाशी धरून जोरात हलवला. आवाज काही आला नाही, पण मी तिथेच थबकले. चंद्रावर दोन किलोची वस्तू इतक्या सहज हलणार नाही! उचलायला ती हलकी, पण हलवायला, थांबवायला, वळवायला पूर्ण दोन किलोच. वस्तुमान कुठेही गेलं तरी तेवढंच राहतं. म्हणून तर तराजूच्या दोन पारड्यांत किलोचं माप आणि किलोभर शेव चंद्रावरही तोलून राहील आणि रद्दीवाल्याचा हुकाचा स्प्रिंगकाटा मात्र १६५ ग्रॅमवर अडेल. १९७२ मध्ये अपोलो १६ या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर चार्ल्स ड्यूक यांनी चंद्रावर उंच उडी मारली आणि पाठीवरच्या जड संचामुळे तोल जाऊन ते मागे आपटले. वजन सहाव्या हिश्शावर आलं होतं, त्या संचाचं वस्तुमान आलं नव्हतं. माझा डबा यातली अर्धीच गोष्ट सांगत होता.

म्हणून पेटीला जोड केली. कापडी पिशवीत दोन किलो छर्रे भरून ती दोरीला टांगली. भार दोरी पेलते, हाताला फक्त आडवं ढकलायचं. आधी दाराच्या चौकटीला दोन फुटांची दोरी बांधली, ती चुकली. दोरी आखूड असली की पिशवी लगेच मागे ओढते आणि त्या ओढीत पुन्हा वजनच मिसळतं. मग झोपाळा काढून त्याच्या कडीला जवळपास आठ फुटांची दोरी लावली. आता पिशवी वीतभर सरकवताना मागची ओढ जवळजवळ कळत नाही, फक्त तिचा आळस कळतो. शेजारी तशीच दिसणारी ३३० ग्रॅमची पिशवी टांगली.

काल संध्याकाळी वाड्यातली पाच मुलं आली. डोळे बांधून एकेकाला दोन्ही पिशव्या बोटाने ढकलायला लावल्या. पाचही जणांनी जड पिशवी पहिल्याच धक्क्यात ओळखली. नंतर भाचीच्या उजव्या हातात चंद्राचा डबा दिला, डावा हात दोन किलोच्या पिशवीवर ठेवला आणि म्हटलं, “ही दोन नाहीत, चंद्रावरची एकच वस्तू आहे. उजवा हात ती उचलतोय, डावा ती हलवतोय.” तिने डबा वर-खाली केला, पिशवी दोनदा ढकलली, परत आली तेव्हा तळव्याने अडवली. मग पट्टी न काढताच म्हणाली, “गुरूचा डबा दे आता. डावा हात इथेच राहू दे ना?”